मेळ बसला का?



गेल्या रविवारी बस्तीतला स्वाध्याय संपल्यावर आम्ही सात-आठ जणी नेहमीप्रमाणे कट्ट्यावर रेंगाळलो. विषय कुठला, तर रात्रीच्या मालिकेतली नायिका बदलली. जुनी नटी गेली, नवी आली. "मला नाही बाई ही आवडत," एकीने नाक मुरडलं. दुसरी म्हणाली, "थांब गं, सासूचं काम करणारी बदलली तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. चौथ्या दिवशी विसरलीस." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला नीलांजना आठवली.

नीलांजनेची गोष्ट आपल्याला पंचकल्याणकात बघून बघून पाठ आहे. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या गावच्या पंचकल्याणकात शेजारची एक ताई नीलांजना झाली होती. नवव्या शतकातल्या आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती कथा येते. ऋषभदेवांचा दरबार भरलेला आहे. इंद्राने पाठवलेली नीलांजना नाचते आहे आणि नाचता नाचताच तिचं आयुष्य संपतं. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र क्षणात तिच्यासारखीच दुसरी नर्तकी उभी करतो. ताल चुकत नाही, ठेका तुटत नाही. दरबारातल्या कुणाच्याही ते ध्यानात येत नाही. येतं ते एकट्या ऋषभदेवांच्या. तिथूनच त्यांचं वैराग्य सुरू होतं.

या गोष्टीतली एक बाब माझ्या फार उशिरा लक्षात आली. ऋषभदेव डोळे मिटून बसले नव्हते. तेही नाचच बघत होते. इतरांनी आणि त्यांनी एकच गोष्ट पाहिली. इतरांना नाच दिसला, त्यांना बाई गेलेली दिसली. म्हणून टीव्ही म्हणजे पाप, मोबाईल म्हणजे नरक असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही. बघण्यावर माझा आक्षेप नाही. आपल्या शेजारचं माणूस गेलं तरी कळू नये इतकं त्यात बुडून जाण्यावर आहे. हे मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. हे माझ्याच घरात घडलं आहे.

आपल्या घरांतून जेवणं दिवस मावळायच्या आत आटोपतात. त्यामुळे आपली संध्याकाळ इतरांपेक्षा दोन तासांनी तरी मोठी. माझ्या सासूबाईंच्या काळी त्या वेळात बायका स्तोत्रं म्हणत, वाती वळत, धान्य निवडत, आणि खरं सांगायचं तर एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्याही काढत. आमच्या पिढीत ती सगळी वेळ मालिकांनी भरली. सात ते दहा. एक संपली की दुसरी.

सहा वर्षांपूर्वी ह्यांचं हृदय कमकुवत झालं. डॉक्टरांनी दुकानाचा जिना चढायला मनाई केली. शेवटचे सहा महिने हे घरातच होते. रोज संध्याकाळी आम्ही दोघं कोचावर शेजारी शेजारी बसत होतो, समोर टीव्ही. मी वेळच्या वेळी गोळ्या देत होते, उकळलेलं पाणी देत होते, बसल्या बसल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. हे गेले आणि मग एके रात्री मी आठवायला बसले, की त्या सहा महिन्यांत संध्याकाळी हे माझ्याशी काय बोलले? आठवेना. बोलत तर होते. मधूनच काहीतरी म्हणायचे, मी "हं" करायचे. त्या मालिकेतल्या धाकट्या सुनेचे दागिने कुणी चोरले, कोर्टात खोटी साक्ष कुणी दिली, ते मात्र मला भागवार आठवत होतं. आजही आठवतं.

कर्मग्रंथात दर्शनावरण कर्माचे नऊ भेद सांगितले आहेत, त्यांतले पाच झोपेचेच आहेत: निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. स्त्यानगृद्धी म्हणजे माणूस झोपेतच उठून मोठमोठी कामं करतो आणि जाग आल्यावर त्याला काही आठवत नाही. पूर्वी स्वाध्यायात हा भेद आला की मला गंमत वाटायची, असं कुठे असतं का म्हणून. आता वाटत नाही. गोळ्या दिल्या, घड्या घातल्या, आठवत काही नाही.

पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला असलेला माझा नातू सुट्टीत आला होता. बोलता बोलता म्हणाला, "आजी, ल्युसिड ड्रीम माहितीय तुला? आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळतं, मग आपल्याला हवं ते करता येतं, हवं त्या माणसाला भेटता येतं." मला वाटलं थट्टा करतोय. त्याने मोबाईलवर वाचून दाखवलं. 1975 मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न नावाच्या संशोधकाने झोपलेल्या माणसाकडून, आधी ठरवलेली डोळ्यांची खूण यंत्रावर नोंदवून घेतली होती. म्हणजे माणूस गाढ झोपेत, स्वप्नात, आणि तरी ठरल्याप्रमाणे डोळे हलवून सांगतोय की मला कळतंय. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी यावर पुष्कळ काम केलं. तर ही भोंदूगिरी नव्हती.

हवं त्या माणसाला भेटता येतं, एवढंच माझ्या कानात राहिलं.

नातवाने रीत सांगितली. दिवसातून दहा-बारा वेळा थांबून स्वतःला विचारायचं, मी आत्ता जागी आहे का? तळहात बघायचा. काहीतरी लिहिलेलं एकदा वाचायचं, नजर काढायची, पुन्हा वाचायचं. स्वप्नात अक्षरं टिकत नाहीत, बदलतात. दिवसा सवय लागली की तीच सवय स्वप्नातही येते. मी हे कुणाला न सांगता दोन महिने केलं. पाणी गाळताना करत होते, भाजी निवडताना करत होते. सुनेला वाटलं असेल सासूबाईंना विसरायला होतंय.

आणि एका पहाटे ते झालं. मी आमच्या दुकानात होते. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, नजर काढली, पुन्हा पाहिलं, तर तारखा हललेल्या. मला कळलं, हे स्वप्न आहे. छातीत धडधडलं. वळून बघते तर गादीवर हे बसलेले, समोर रोजमेळाची वही. मी जवळ गेले आणि किती दिवस मनात धरून ठेवलेलं विचारलं, "तुम्हाला मला काही सांगायचं राहिलं होतं का?"

हे म्हणाले, "मेळ बसला का?"

दुकानाचा हिशेब मीच लिहायचे. बी. कॉम. झालेली सून म्हणून सासऱ्यांनी लग्नानंतर वर्षाच्या आत कीर्द-खतावणी माझ्या हातात दिली होती. दुकान बंद करून आले की चप्पल काढता काढता हे रोज तेच विचारायचे, मेळ बसला का? मी स्वप्नात पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं, तेच. मग जाग आली.

त्या दिवशी मी आनंदात होते. वाटलं, भेटले. दुसऱ्या रात्री लवकर झोपले. तिसऱ्या रात्रीही. कधी जमलं, बरेचदा नाही. पण जेव्हा जमलं तेव्हा ह्यांनी मला ठाऊक नसलेला एक शब्दही सांगितला नाही. कसा सांगतील? विचारणारी मी, आणि उत्तर देणारीही मीच. दुकानात जो माल भरला तोच विकायला निघणार. जागेपणी मी ह्यांचं बोलणं साठवलंच नव्हतं, तर स्वप्न ते आणणार कुठून? सहा महिन्यांच्या संध्याकाळींच्या जागी माझ्या गोदामात त्या धाकट्या सुनेचे दागिने होते.

श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात त्रिशलामातेची गोष्ट आहे. त्या परंपरेत तिला चौदा स्वप्नं पडतात, आपल्या दिगंबर परंपरेत सोळा. ती शुभ स्वप्नं पाहून जागी झाल्यावर त्रिशलामाता पुन्हा झोपली नाही. आता झोपले तर या स्वप्नांचं फळ दुसऱ्या वाईट स्वप्नाने जाईल म्हणून ती धर्मचिंतन करत जागीच राहिली. हे वाचलं तेव्हा मी वरमले. एवढी मोठी स्वप्नं पाहिलेली आई जागी राहते, आणि मी सकाळी आठ वाजताही पांघरूण ओढून तीच चित्रफीत पुन्हा लागते का बघत पडायचे. मी ते थांबवलं.

मग खरं काय? या वयात हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. प्रवचनांमधून "सगळी माया आहे" असं आपणही सहज बोलून जातो. पण आपलं दर्शन तसं म्हणत नाही, हे लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे जग खोटं नाही. जीवही खरा, पुद्गलही खरा. पर्याय बदलतात, द्रव्य टिकतं. आणि प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, माझ्या मर्जीचा बांधलेला नाही. मला वाटतं, खऱ्याची ओळख इथेच आहे. स्वप्नातले हे माझ्या मनाबाहेरचं काही बोलू शकत नव्हते. खरं माणूस बोलतं. आपल्याला नको असलेलं बोलतं, आपल्या वेळेला गप्प बसतं, आपण टीव्हीचा आवाज वाढवलेला असताना नेमकं काहीतरी सांगतं. तो त्रास हीच त्याच्या खरेपणाची खूण.

कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी आम्हाला रिअल अकाउंट आणि नॉमिनल अकाउंट शिकवलं होतं. रोकड, माल, फर्निचर ही रिअल खाती. वर्ष संपलं तरी त्यांची शिल्लक पुढच्या वर्षी ओढली जाते. भाडं, पगार, व्याज, कमिशन ही नॉमिनल, नावापुरती. 31 मार्चला ती बंद होतात. मालिका बघून आलेलं रडू, हसू, राग ही नावापुरती खाती आहेत, भाग संपला की बंद, असं आपण समजतो. "एवढं काय, नुसती गोष्ट तर आहे." पण वही लिहिणाऱ्या बाईला पुढचं माहीत असतं. नॉमिनल खाती बंद होतात ती हवेत विरत नाहीत. ती नफा-तोट्यात जातात आणि जी निव्वळ बाकी निघते ती भांडवलाच्या खात्यात जमा किंवा नावे पडते. खलनायिका खोटी, तिचं कारस्थान खोटं, पण तिला बघून माझ्या मनात उठलेला द्वेष खरा. तो माझाच. त्याचा बंध मलाच.

रत्नकरंडक श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे, म्हणजे काही कारण नसताना पदरात घेतलेल्या पापाचे, पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातले दोन वाचून मला आमची बैठकीची खोलीच दिसली. एक अपध्यान, म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं असं चिंतणं. "मेली, हिला एकदा अद्दल घडली पाहिजे" असं आपण टीव्हीसमोर किती वेळा म्हणतो ते मोजून बघा. दुसरा दुःश्रुती, म्हणजे मन गढूळ करणाऱ्या कथा ऐकणं.

कुणी म्हणेल, आपली पुराणं तरी काय, गोष्टीच ना? खरं आहे. शास्त्राच्या चार अनुयोगांत प्रथमानुयोग कथांचाच आहे. पण पुराणातली गोष्ट कुठेतरी संपते. राजा असो, चोर असो, सवत असो, शेवटी कुणाला तरी जाग येते आणि ऐकणारी आपल्या कामाला लागते. मालिकेला तुम्हाला उठूच द्यायचं नसतं. भाग नेमका अशा जागी तोडतात की उद्या त्याच वेळी तुम्ही तिथेच बसलेल्या असाल.

तरीही टीव्ही विकून टाका असं मी म्हणणार नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला घरात माणसाचा आवाज लागतो, हे मला आता चांगलं कळतं. समंतभद्रांनीही भोगोपभोगपरिमाण व्रतात जेवण, वाहन, कपडे, दागिने यांच्याबरोबर संगीत आणि गाणं ही नावं घेतली आहेत, आणि मुदतीचा नियम करा असं सांगितलं आहे. जन्मभराचा तो यम, मुदतीचा तो नियम. मी नियम घेतला: दिवसाला एकच मालिका. ती संपली की टीव्ही बंद. आणि एक सामायिक, 48 मिनिटांचं.

सामायिकात मला काही दिव्य दिसलं असं समजू नका. पहिले काही महिने गुडघे दुखले, डास चावले आणि दळण टाकायचं राहिल्याचं आठवलं. पण हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. टीव्ही बंद असला तरी माझ्या मनात मालिका चालूच असते. तिची नायिका मी, सोसणारी, शहाणी. बाकी सगळे मला छळणारे. संवाद मीच लिहिते आणि दुसऱ्यांच्या तोंडी घालते. या मालिकेचे भाग संपत नाहीत आणि मधे जाहिरातीही नसतात. तिच्यातला एक फार जुना भाग असा, की मला दुःख झालं तेव्हा ह्यांना कधी त्याचं काही वाटलंच नाही. माझी आई गेली तेव्हा मी मागच्या दारी बसून रडत होते. हे आले, माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. पुढेही जेव्हा जेव्हा मी रडले, हे असेच पाठ फिरवून बसले. मी तो भाग मनात हजार वेळा पाहिला असेल.

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, खालच्या मजल्यावर राहतात. अठ्ठ्याहत्तरीच्या आहेत. कानाने कमी ऐकू येतं, एकच गोष्ट चार वेळा सांगतात. त्यांनी हाक मारली की मी "आले आले" म्हणायचे आणि भाग संपल्यावर जायचे. नियम घेतल्यापासून संध्याकाळचा वेळ मोकळा झाला, म्हणून मी खाली जाऊन बसू लागले. सुरुवातीला कंटाळाच यायचा. विहिरीची गोष्ट, पुराची गोष्ट, पुन्हा विहिरीची गोष्ट.

या पावसाळ्यात एके संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेरची आठवण यायची. परसात विहिरीपाशी जाऊन रडायची. भाऊजी तेव्हा नऊ वर्षांचे. ते यायचे आणि माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसायचे. एकदा मी विचारलं, असं का बसता? तर म्हणाले, वहिनी, कुणी आलं तर मी आधी दिसेन, तोवर तुम्ही डोळे पुसून घ्या. आणि मी बघत नाही, तुम्ही रडा."

मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही. अक्कांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. या वेळी मला ते दुसऱ्यांदा ऐकायचंच होतं.

दोन महिने तळहात बघून, स्वप्नात शिरून ह्यांच्याकडून जे मला मिळालं नाही, ते खालच्या मजल्यावर होतं. मी यायची वाट बघत होतं, मालिकेच्या वेळेला. माझी चाळीस वर्षांची नोंद चुकीच्या बाजूला पडलेली होती. दुरुस्ती करायला समोर खातेदार उरलेले नाहीत, त्याला इलाज नाही. ते दुःख मी कमी करून सांगणार नाही. पण अक्का आहेत.

मैत्रिणींनो, एक सुचवते. नातवाने शिकवलेली ती युक्ती वाईट नाही. मी ती अजून करते, पण स्वप्नासाठी नाही, दिवसासाठी. दिवसातून चार-पाच वेळा थांबून विचारायचं, मी आत्ता जागी आहे का? तळहात बघायची गरज नाही. शेजारच्या माणसाने आत्ता काय म्हटलं, ते सांगता येतं का बघायचं. आलं तर जागी आहात.

रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचं प्रतिक्रमण करताना मला आता ह्यांचाच प्रश्न आठवतो. मेळ बसला का? बहुतेक दिवशी थोडाफार फरक निघतोच. पण वही उघडी आहे आणि अजून तारीख बदललेली नाही.

जय जिनेंद्र.